तेहतीस नंबरची घडी

१

आमच्याकडे सकाळी आधी कागद बदलायचे, मग चहा. हा नियम आमच्या ह्यांचा, म्हणजे गुणवंतरावांचा. जंगल खात्यात वनपाल म्हणून जन्म घालवलेला माणूस. नियम नसला तर त्याला घास जात नाही. मी नीलिमा, त्यांची बायको. लग्न झाल्यापासून नियम ऐकते आहे आणि लग्न झाल्यापासून कुरकुर करते आहे.

कागदांचं काम असं. झाडाचं पान किंवा फूल तोडायचं, जुन्या पेपरच्या घडीत नीट पसरायचं, घडीवर नावाची चिठ्ठी लावायची. अशा घड्या एकावर एक रचायच्या, दोन घड्यांच्या मध्ये आणखी चार-सहा पेपर घालायचे आणि सगळा गठ्ठा दोन जाळीदार फळ्यांमध्ये पट्ट्यांनी करकचून आवळायचा. याला ते प्रेस म्हणतात. रोज सकाळी पट्टे सोडून मधले ओले पेपर काढायचे, कोरडे घालायचे. घडी मात्र उघडायची नाही. आठ-दहा दिवसांत पान वाळतं, मग ते पांढऱ्या जाड कागदावर खळीने चिकटवून फाईलमध्ये लावायचं. पोरवयात ट्रेनिंगला शिकले आणि म्हातारपणापर्यंत धरून बसले.

चिठ्ठ्या माझ्या अक्षरात. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण. लिहायला बसले की मी पुस्तकातल्यासारखं लिहिते, तोंडाने मात्र आपलं मले-तुलेच चालतं.

यावेळची पानं आमच्या क्वार्टरच्या बागेतली होती. भामरागडच्या पुढे, नदीच्या अलीकडे, अकरा वर्षं आम्ही त्या क्वार्टरमध्ये काढली. पावसाळ्यात रस्ता तुटला की महिना महिना भाजी त्या बागेचीच. शेवगा, कढीपत्ता, सीताफळ, लिंबू, अबोली, गोकर्ण, सगळं ह्यांच्या हातचं. एप्रिलच्या तीस तारखेला रिटायर झाले आणि तीन दिवसांत क्वार्टर खाली करायचं होतं. चंद्रपूरला भाड्याचं घर घेतलं होतं, दुसऱ्या मजल्यावर. तिथे कुंडी ठेवायलाही गच्ची नाही.

"झाडं नाई नेता येत तं पानं तरी नेतो," हे म्हणाले. "एकेका झाडाचं एकेक. बागेची फाईल करतो."

बत्तीस झाडं होती. बत्तीस घड्या झाल्या.

२

तेहतिसावी माझ्या थट्टेने झाली.

निघायचा दिवस, तीन मे. टेम्पो गेटवर उभा. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला. मी व्हरांड्यात मांडी घालून चिठ्ठ्या लिहिते आहे, पायाला मुंग्या आल्या आहेत, आणि हे कात्री घेऊन बागेच्या मधोमध उभे. पानं तर कापून झाली होती. मी दोनदा हाक मारली. माणूस हलायला तयार नाही.

"चाला ना वो आता. काऊन उभे राह्यले तिथी?"

"कसं चालू," ते म्हणाले. "मलेच कोणी मुळासकट उपटून नेऊन राह्यलं असं वाटते."

त्यांचा आवाज भरून आला होता. तीन दिवसांत ते धड जेवले नव्हते, आणि माझी तऱ्हा अशी की कोणी रडायला लागलं की मला थट्टा सुचते. माझ्याजवळ एक कोरी चिठ्ठी उरली होती. मी ती भरली. नाव: गुणवंत मुखरू निकुरे. ठिकाण: क्वार्टरची बाग. तारीख: ३ मे. गोळा करणार: सौ. नीलिमा.

आणि नेऊन त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "घ्या. उपटलं तुमाले. आता टेम्पोत बसा."

त्यांनी वाचली आणि हसले. खरंच पोट धरून हसले. "एकदम बराबर भरली वो," म्हणाले. "आता तं मी रेकॉर्डवर आलो." मग त्यांनी एक रिकामी घडी घेतली, घामेजलेल्या तळहाताने ती दोनदा सपाट केली, चिठ्ठी वर चिकटवली आणि गठ्ठ्याच्या सगळ्यात खाली सरकवून पट्टे ओढले. चिठ्ठी लिहिली की ती फाडायची नाही, हाही त्यांचा एक नियम.

मला बरं वाटलं. माणूस हसला तर होता.

३

चंद्रपूरला आल्यावर प्रेस आतल्या खोलीत खिडकीखाली ठेवली. हे पलंगावर पेपर वाचत बसायचे आणि मी खाली बसून कागद बदलायचे. चंद्रपूरचा मे. भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. पानं भराभरा वाळली. दहाव्या दिवशी बत्तीसच्या बत्तीस घड्या मी उघडल्या, एकेक पान कडक वाळलेलं. काढून ठेवली.

खाली उरली ती रिकामी घडी. इतके दिवस सगळेच कागद ओले निघायचे, त्यात हिची ओल मला कळली नव्हती. तिच्या वरचे आणि खालचे पेपर मी उचलले आणि माझ्या हाताला गार लागलं.

ओले होते. दमट वगैरे नाही, पिळले असते तर थेंब पडले असते. अक्षरं पसरली होती. आणि ओल नेमकी घडीला लागून, बाहेरचे पेपर हळूहळू कोरडे होत गेलेले. हिरवंगार केळीचं पान घातल्यावर पहिल्या दिवशी जशी ओल येते तशी.

मी वर पाहिलं. छत कोरडं. खाली फरशी कोरडी. मला दुसरा कोण सापडणार?

"तुमी ओला दुपट्टा ठेवला का यावर?"

"मी काऊन ठेवीन?"

"मंग हे का हाये?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "रिकामी घडी हाये ते. फेकून दे."

"चिठ्ठी हाये तिच्यावर."

"हो का," ते म्हणाले, आणि पेपरचं पान उलटून, "मंग बदल कागद."

बदलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओले.

४

आता मागे वळून पाहिलं की कळतं, की तेव्हापासून ह्यांना घाम येत नव्हता.

पंचेचाळीसच्या वर पारा. मी ओट्याशी उभी राहिले की पाठीवरून धारा लागायच्या. खालच्या मजल्यावर आमचे घरमालक मनसाराम भाऊ राहतात, कोळसा खाणीतून रिटायर झालेले. ते दिवसभर उघड्याने बसायचे आणि दुपट्टा पिळायचे. आणि आमचे हे कॉलरचं बटण लावून, कोरडे ठाक. बनियन धुवायला घेतली तर तिला वास नाही. मला आधी कौतुकच वाटलं. म्हटलं, बरं आहे, साबण वाचला.

मग त्यांच्या टाचा फुटल्या. ओठांवर सालपटं आली. हाताची कातडी चिमटीत धरली की उभीच राहायची, परत बसायची नाही. माठ त्यांनी एकट्याने संपवला. तांब्यामागे तांब्या. आणि सकाळी पेपर तेवढेच जास्त ओले.

हे दोन मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला माझीच लाज वाटली असती. शिकलेली बाई आहे मी, बारावीपर्यंत का होईना. मी म्हटलं, उन्हाळा आहे, माणूस रिटायर झाला आहे, मनाला लागलं आहे.

एक दिवस ते पलंगावरून उठून बाहेर गेले आणि मी चादर ओढायला गेले. चादरीला सुरकुती नव्हती. रात्रभर माणूस झोपला होता तिथे. गादीवर मी बसले तेव्हा माझ्याखाली चांगला खड्डा पडला.

५

सतरा तारखेला ते संडासाच्या दारात बसले ते उठेनात. मी जिन्यातून ओरडले. मनसाराम भाऊ धावत आले आणि म्हणाले, आपण दोघं मिळून उचलू. मी पायाकडे जायच्या आत त्यांनी एकट्यानेच उचललं आणि उभे राहिले. माझ्याकडे पाहत राहिले.

"बाई, यायचं वजन कुठी गेलं?"

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. अंगातलं पाणी खलास झालं आहे म्हणाला, उष्माघाताच्या केसेस भरपूर आहेत, घाबरू नका. तीन बाटल्या सलाईन लावलं. मी शेजारी बसून थेंब पाहत होते. तिसऱ्या बाटलीला त्यांच्या गालांवर जरा उभारी आली, त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "कागद बदलले का आज?" माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, माणूस परत आला.

संध्याकाळी रिक्षाने घरी आणलं. मनसाराम भाऊंनी पलंगावर ठेवलं. आणि माझा पाय घसरला.

आतल्या खोलीत पाणी झालं होतं. प्रेसच्या खालच्या जाळीतून टपटप गळत होतं, ओघळ उंबऱ्यापर्यंत आला होता. वरची फळी कोरडी, खिडकी बंद, नळ दुसऱ्या टोकाला. तीन बाटल्या पाणी असेल. मी पोछा घेऊन बसले. मनसाराम भाऊ निघून जाईपर्यंत मी थांबले आणि मग बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट होतं.

मी पलंगाकडे पाहिलं. त्यांचे गाल पुन्हा आत गेले होते.

६

दुसऱ्या दिवशी मी मनसाराम भाऊंना सगळं सांगितलं. प्रेस दाखवली. त्यांनी घडीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि फार प्रेमाने बोलले.

"बाई, तुमीबी डोक्यावर ओला दुपट्टा ठेवत जा. गर्मी लय हाये."

आमची डिंपल नागपूरला असते, बँकेत. फोनवर तिला काय सांगणार होते? तुझ्या बाबांना मी पेपरात घालून आवळलं आहे?

म्हणून मी एकटीनेच ठरवलं, की कागद बदलायचे नाहीत. कागद पाणी पितात म्हणून माणूस वाळतो ना, मग ओलेच राहू दे. साधा हिशोब. आणि हिशोब लागू पडला. एक दिवस गेला, दुसरा गेला, त्यांना जरा तरतरी आली. त्यांनी वरण-भात मागितला. उठून खिडकीपर्यंत गेले. माझ्या अंगात हत्तीचं बळ आलं.

तिसऱ्या दिवशी खोलीत वास सुटला. ओल्या गोणपाटाचा, कुजट. ज्याने एकदा प्रेस खराब केली आहे त्याला तो वास विसरता येत नाही. पेपर काळे पडले होते आणि घडीच्या कडेला पांढरी लव आली होती.

"पाठ खाजवते वो," हे म्हणाले. "पाहाय ना काय झालं."

मी बनियन वर केली.

कापसासारखी लव होती, खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि तिच्याखाली कातडी मऊ झाली होती. मी ओल्या फडक्याने पुसायला लागले, मग लक्षात आलं आणि फडकं फेकून दिलं, कोरडं घेतलं. कडुनिंबाचा पाला वाटला. मला रडू येत होतं आणि हे विचारत होते, "घामोळ्या हायेत का?"

"हो," म्हटलं. "घामोळ्याच."

मग मी जाऊन कागद बदलले. दिवसातून तीनदा बदलले. लव गेली. त्यांचे गालही गेले.

७

तेवीस तारखेला मी घडी उघडायला बसले. नियम गेला खड्ड्यात.

उघडेना. पेपरचा वरचा पदर खालच्या पदराला घट्ट चिकटलेला. आतमध्ये काहीतरी होतं, बोटाला उंचवटा लागत होता, आणि तो पातळ होता. मी कोपरा नखाने उचलला आणि ओढला. चर्र असा आवाज झाला.

पलंगावरून हे ओरडले नाहीत. त्यांनी नुसता श्वास आत घेतला आणि तो सोडला नाही.

मी धावले. डाव्या टाचेची कातडी रुपयाएवढी निघाली होती. रक्त नव्हतं. माझ्या नखात पेपरचा तुकडा होता आणि त्या तुकड्याला काहीतरी तपकिरी चिकटलं होतं. मी ते नीट पाहिलं नाही, पदराला पुसलं.

मग मात्र मी खाली बसले आणि सगळं बोलून टाकलं. चिठ्ठी, ओले कागद, सलाईन, बुरशी. माझ्या थट्टेने झालं, माझंच तोंड वाईट, असं म्हणत मी कपाळ बडवत होते. ते ऐकत होते. मला वाटलं आता म्हणतील, मनसाराम भाऊ म्हणाले तसं काहीतरी. पण गुणवंतराव निकुरे कामाच्या गोष्टीत कधी हसले नाहीत.

"पट्टे ढिल्ले केले होते का परवा?" त्यांनी विचारलं.

केले होते. मला दया आली होती म्हणून दोन भोकं सैल केले होते.

"तरीच. रात्री पायाले वाक आला होता. ढिल्लं राह्यलं का पान मुरगळते, तुले मालूम हाये ना?"

"मंग आता मी का करू? तुमीच सांगा. कसं सोडवू तुमाले?"

ते घाबरले होते. मी त्यांना नक्षल्यांच्या गोळीबारातून घरी येताना पाहिलं आहे, वाघाने ओरबाडलेला मजूर खांद्यावर आणताना पाहिलं आहे. त्या दिवशीचे डोळे मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड वाळक्या काटकीची होती.

"अर्धवट वाळलेलं काढलं का फाटते. ओलं ठेवलं का सडते. मले फाटायचं नाई, नीलिमा. सडायचं बी नाई." मग हळूच, "काम बराबर कर. अख्खा ठेव मले."

त्यानंतर मी काही मागणं मागितलं असेल देवाकडे, तर तेवढंच. अख्खा राहू दे.

८

आठ दिवस मी ते काम केलं. जन्मात कुठलं काम इतकं नीट केलं नसेल.

सकाळ, दुपार, संध्याकाळ कागद. खालच्या रद्दीवाल्याकडून पेपरचे गठ्ठे आणायचे, उन्हात तापवायचे, एकेक उलगडून घालायचा. पट्टे ओढताना मी विचारायचे, "दुखते का?" पलंगावरून उत्तर यायचं, "नाई. बरं वाट्टे. आणखी एक भोक घे." मी घ्यायचे. मागे श्वास बाहेर पडल्याचा आवाज यायचा.

त्यांचा रंग तपकिरी होत गेला. मग ते कुशीवर वळेनात. मग चादरीखाली फारसं काही दिसेना आणि मी चादर उचलणं सोडून दिलं. पंखा बंद केला, कारण पंखा लावला की चादरीखाली सळसळ व्हायची आणि त्यांना भीती वाटायची. बंद खोलीत मी घामाने न्हाऊन निघायचे. आवाज तेवढा राहिला होता, बारीक, कोरडा. त्याच आवाजात कटकटही राहिली होती. कागद सरळ घाल. कडा जुळव. काल लिंबाच्या पानाची कड मोडली तू, मी पाह्यलं.

डिंपलचा फोन यायचा.

"बाबा कसे हायेत? त्यायले दे ना फोन."

"झोपले हायेत."

"नेहमीच झोपले राहतात का वो आई? मी येते पुढच्या रविवारी."

"ये," मी म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

९

एकतीस तारखेला सकाळी मी पट्टे सोडले, वरचे पेपर उचलले आणि ते कोरडे होते.

गालाला लावून पाहिले. खालचेही पाहिले. कोरडे, कुरकुरीत, कालचे जसे घातले तसे. एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. पलंगाकडे पाठ करून मी किती वेळ बसले होते, कोण जाणे. शेवटी वळले. चादरीखाली त्यांची बनियन आणि लुंगी होती, इस्त्री करून ठेवल्यासारखी सपाट. मी चादर पुन्हा होती तशी घातली.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

आवाज माझ्या गुडघ्याजवळून आला. घडीतून.

"झालं," मी म्हटलं.

"मंग चिकटव. वाळलेलं उघडं ठेवलं का मोडते."

इतका मोठा माणूस पेपरच्या घडीत कसा मावला, ते मला विचारू नका. वाळताना सगळं आकसतं, मला एवढंच माहीत आहे. घडी आता आपोआप सुटत होती, वरचा पदर कडेने उचलला गेला होता आणि त्या फटीतून मला एक कान दिसला. पिंपळाचं पान पुस्तकात ठेवलं की नुसत्या शिरा उरतात, तसा. त्याच्या पाळीला ह्यांचा तीळ होता.

मी डोळे मिटून घेतले. जे पाहिलं ते तेवढंच.

१०

मैद्याची खळ शिजवली, चिमूटभर मोरचूद घातलं, म्हणजे किडे लागत नाहीत. पांढरा जाड कागद घेतला. खोलीची दारं-खिडक्या लावल्या.

चिकटवायचा नियम एकच आहे. पाठ कागदाला, तोंड वर. खळ पाठीला लावायची. एकदा कागदावर ठेवलं की खळ पकडते, मग उलटता येत नाही.

मला बघवणार नव्हतं. मी समोरच्या भिंतीवर नजर लावली आणि घडी चाचपून उघडली. दोन्ही तळहातांवर घेतलं. पापडाचं वजन जास्त असेल. बोटांनी शोधलं. मधोमध एक उभा उंचवटा लागला. कणा, मी म्हटलं, ही पाठ. ब्रश बुडवला आणि वरून खाली, एका हाताने, अंदाजाने, खळ लावत गेले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी मान बाजूला करत होते, की थेंब त्यांच्यावर पडू नये.

"पातळ लाव," ते म्हणत होते. "हं. कडेले बी. हात कापून राह्यला का तुहा? घाबरू नोको. डिंपल झाली तेव्हा तं नाई घाबरली तू."

"चूप बसा ना वो जरा."

"बसतो," ते म्हणाले. कोरडं, बारीक हसू आलं. त्या हसण्याने माझ्या तळहाताला गुदगुल्या झाल्या.

मी उचललं आणि कागदावर ठेवलं. आधी मधला भाग टेकवला. "थांब," ते म्हणाले. मला वाटलं, खाली हवा राहिली. हवा राहिली की पुढे तिथेच तडकतं. म्हणून मी फडकं घेतलं आणि मधून बाहेर, मधून बाहेर, चांगलं दाबत गेले. ते काहीतरी बोलत होते. मी आणखी दाबलं. कोपरे दाबले. आवाज बदलला होता आणि मला तो काही केल्या ओळखता येईना. मग ओळखला. उशीत तोंड खुपसून माणूस बोलतो, तो आवाज होता.

पाठीलाच कणा असतो असं नाही. नाकालाही असतो, छातीलाही असतो.

तेव्हा खळ वाळली होती.

त्याला आता चार दिवस झाले. कागद भिजवला तर सुटेल, पण भिजवलं की बुरशी येते. ओढलं तर मोडेल. हे मला त्यांनीच शिकवलं आहे. फाईल माझ्या मांडीवर असते. अख्खे आहेत, कुठे एक चीर नाही, माझ्या हातचं इतकं सुबक काम दुसरं नाही. पाठच फक्त दिसते.

ते बोलायचे थांबलेले नाहीत. मी कागदाला कान लावते. शब्द लागत नाही, चाल लागते. रागाची नाही. काहीतरी विचारतात. मग माझ्या उत्तराची वाट पाहतात, आणि मग तेच पुन्हा विचारतात, जरा हळू, समजावून.

मी हो म्हणते.